कपडे धुण्याच्या खोलीतला सर्व्हर

एक लॅमिंग्टन जास्तीचा खावा, एवढंच माझ्या मनात होतं. त्यातून वेब-सर्व्हर निघाला.

झालं असं, की आमच्या बिनारा गावच्या कृषी प्रदर्शनाच्या कमिटीची मीटिंग चालली होती. मी कमिटीचा सेक्रेटरी. (पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या कारकुनाला गावात कुणी ना कुणी सेक्रेटरी करतंच, त्यात सन्मान वगैरे काही नसतो.) अध्यक्ष बार्नी सांगत होता, की प्रदर्शनाची वेबसाइट सांभाळणारा पोरगा पर्थला गेला तो गेलाच, साइटही त्याच्यामागे गेली. मग यंदा प्रवेशिका घ्यायच्या कशा? "कोण घेतंय अंगावर?" बार्नीने विचारलं. नेमका त्याच वेळी मी ताटातला शेवटचा, नारळाच्या किसात घोळवलेला लॅमिंग्टन केक इकडे सरकवा, म्हणून हात वर केला.

"नेव्हिल! वा रे पठ्ठ्या!" बार्नी ओरडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांच्या गडबडीत लॅमिंग्टन बार्नीनेच खाल्ला.

तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाबांनो, तसं नव्हे. पण पाणीपुरवठ्यात उभा जन्म गेला तरी माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. मी उठून उभा राहिलो आणि वर म्हणालो, "नुसती साइट नाही, आपला स्वतःचा सर्व्हर उभा करतो. माझ्या घरी. एकदम सुरक्षित!"

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ग्लेनिस बदकांना दाणे घालत होती. तिने मान वर न करता विचारलं, "तुला येतं ते?"

"शिकेन की! त्यात काय एवढं?"

"व्हिडिओ रेकॉर्डरचं घड्याळ लावायलाही तू शिकणार होतास."

मी दुर्लक्ष केलं. मोठं काम हाती घेणाऱ्याला घरातून असा पाठिंबा मिळतच असतो.

आणि सांगायला अभिमान वाटतो, की मला ते जमलं! मुलीने ब्रिस्बेनला जाताना टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर मी कपडे धुण्याच्या खोलीत, वॉशिंग मशीनशेजारच्या फळीवर ठेवला. सर्व्हरचा प्रोग्रॅम घेतला तो जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला. फुकट, आणि आतला सगळा कारभार उघडा. ज्याला शंका असेल त्याने खुशाल आत डोकवावं. (आमच्या खात्याचा कारभार असा उघडा असता तर आम्ही निम्मे लोक निवृत्तीच्या आधीच घरी बसलो असतो.) सोपा तरी किती! तीन ओळी लिहायच्या. साइटचं नाव काय, पानं कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, तक्रार आली तर कुणाला कळवायचं. बास! बटण दाबलं आणि साइटच्या नावाशेजारी छोटंसं बंद कुलूप आपोआप उमटलं. म्हणजे येणारं-जाणारं सगळं टपाल पाकिटात घालून, वर लाख लावून. त्या कुलपाची मुदत संपली तर नूतनीकरणसुद्धा त्याचं तोच करतो. मला माझ्या गाडीचं लायसन्स रिन्यू करायची आठवण ग्लेनिस करते.

पुढचा आठवडाभर मी गावात कुलूप दाखवत हिंडलो. पोस्टात दाखवलं, खाटकाला दाखवलं. बार्नी घरी आला तेव्हा त्याला थेट कपडे धुण्याच्या खोलीत नेऊन सर्व्हर दाखवला.

"यावर साबण ठेवलाय कुणीतरी," तो म्हणाला.

"ते जाऊ दे. आवाज ऐक! अखंड चालू आहे."

"आवाज वॉशिंग मशीनचा आहे ना रे?"

अशा माणसाला काय दाखवणार, तुम्हीच सांगा.

आता मुद्द्याचं सांगतो. हे प्रदर्शन म्हणजे लोकांना बैल, भोपळे आणि लाकूडतोडीची शर्यत वाटत असेल. आमच्या घरात प्रदर्शन म्हणजे एकच गोष्ट, पॅशनफ्रूटच्या आयसिंगचा स्पंज केक. या केकचा पहिला नंबर, ती निळी रिबन, गेली कित्येक वर्षं समोरच्या घरातल्या थेल्मा ब्रॉडी नेत आल्या होत्या आणि दुसरा नंबर दरवर्षी ग्लेनिसचा. सगळं गाव त्यांना थेल्मा म्हणतं. मी बाई म्हणतो, कारण तिसरीत त्यांनी मला शिकवलंय आणि अजूनही त्या समोर आल्या की मी आपोआप नखं तपासतो. तर बाईंनी यंदा जाहीर केलं होतं, की हे माझं शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षीपासून मी परीक्षक होणार. म्हणजे बाईंना हरवायचं तर याच वर्षी, नाहीतर या जन्मी नाही!

ग्लेनिसने त्यासाठी बदकं पाळली होती. बदकाच्या अंड्यांनी स्पंज जास्त फुगतो म्हणे. उन्हाळाभर आमच्याकडे न्याहारीला स्पंज, जेवणाला स्पंज, आणि पाहुणे आले तर त्यांच्या हातात डबा. ती बिचारी रोज ओव्हनच्या काचेसमोर उकिडवी बसून केककडे बघत राहायची. एकदा मी ओव्हनजवळ शिंकलो तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण खरं सांगू? त्या उन्हाळ्यात तिचा केक असा काही जमायला लागला होता, की तोंडात घातला की बोलणंच सुचू नये. मला आतून वाटत होतं, की यंदा माझी बायको जिंकणार.

"माझी प्रवेशिका टाकलीस का?" तिने विचारलं.

"टाकतो गं. सेक्रेटरीच्या बायकोला कसली घाई?"

हे वाक्य मी त्या महिन्यात किती वेळा म्हणालो, त्याचा हिशेब ग्लेनिसकडे आहे.

इकडे मी सर्व्हरची दैनंदिनी वाचायला लागलो. कोण कधी आलं, कुठून आलं, सगळं त्यात दिसतं. बघतो तर काय, जगातून कुठून कुठून लोक येऊन आमच्या मागच्या दाराला पासवर्ड लावून बघताहेत! कुठल्या कुठल्या देशांतून! मला घामच फुटला. आणि (कबूल करतो) थोडा ऊरही भरून आला. बिनाराच्या भोपळ्यांवर जगाचा डोळा होता! त्यासाठी मी एक पहारेकरी प्रोग्रॅम बसवला. कुणी तीनदा चुकीचा पासवर्ड दिला, की तो ज्या घरातून आला त्या अख्ख्या घराला बंदी. इंटरनेटवरच्या जाणकारांचं म्हणणं होतं, की दहा मिनिटांची बंदी पुरे. मी म्हटलं, दहा मिनिटं? हे काय लपाछपी खेळतात काय? मी बंदी कायमची केली.

मग स्वतःचा पासवर्ड बदलला. चांगला लांबलचक, मध्ये आकडे, मध्ये चिन्हं, अक्षरं कुठे मोठी कुठे लहान.

"लिहून ठेव कुठेतरी," ग्लेनिस म्हणाली.

"लिहिला की सुरक्षितता संपली! तो फक्त इथे आहे," मी कपाळावर बोट ठेवलं. "इथे कुणी शिरू शकत नाही."

"ते मला माहितीय," ती म्हणाली.

शेवटी सर्व्हरचा पडदा आणि कीबोर्डही काढला आणि चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानाला देऊन टाकला. मोठमोठ्या ठिकाणच्या सर्व्हरांना पडदा नसतो, असं मी वाचलं होतं. आपला पण त्यांच्याच पंगतीतला. काम असेल तेव्हा लॅपटॉपवरून, मागच्या दाराने, पासवर्ड देऊन आत जायचं.

प्रवेशिकांची मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. बारा वाजले की सर्व्हर फाटक आपोआप लावून घेणार. उशिरा आलेली प्रवेशिका कोणत्याही कारणास्तव घेतली जाणार नाही, हा नियम कमिटीत कुणी मांडला, ते मी तुम्हाला सांगायला नको.

शुक्रवारी सकाळी ग्लेनिस दुकानात निघाली. जाता जाता म्हणाली, "नेव्हिल, आज शेवटचा दिवस आहे."

"बसतोच आहे बघ!"

आणि बसलो. समोरच्या फाटकातून, चारचौघांसारखा अर्ज भरून तिचं नाव घालता आलं असतं. दोन मिनिटांचं काम. पण सेक्रेटरीच्या बायकोने काय रांगेत उभं राहायचं? मी मागच्या दाराने गेलो. पासवर्ड दिला, चुकला. एखादं अक्षर मोठं राहिलं असणार. पुन्हा दिला. बोटांना टोस्टचं लोणी होतं, तेही चुकलं. तिसऱ्यांदा एकेक अक्षर मोठ्याने म्हणत म्हणत, अगदी सावकाश दिला.

साइट गायब.

मला वाटलं, सर्व्हर बंद पडला. धावत कपडे धुण्याच्या खोलीत गेलो, तर तो मजेत घुमत होता. बार्नीला फोन लावला. सहज विचारतोय अशा आवाजात म्हटलं, "काय रे, साइट चालतेय ना तुझ्याकडे?"

"झकास! आत्ताच माझा भोपळा घातला. तुझं ते कुलूप पण दिसलं बघ."

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. साइट बार्नीला उघडी होती. अख्ख्या जगाला उघडी होती. बंद होती ती फक्त आमच्या घराला. माझ्याच पहारेकऱ्याने मलाच चोर ठरवून बाहेर काढलं होतं, आणि तेसुद्धा कायमचं. आत जाऊन बंदी उठवायला पडदा नाही, कीबोर्ड नाही. लॅपटॉपवरून जावं तर लॅपटॉप याच घरातला. आमच्याकडे मोबाइलला रेंज येते ती दफनभूमीच्या टेकडीवर, आणि गाडी ग्लेनिस घेऊन गेलेली.

बार्नीला परत फोन करून "तूच घाल रे तिचं नाव" म्हणता आलं असतं. पण मग संध्याकाळपर्यंत पबमध्ये सगळ्यांना कळलं असतं, की सुरक्षित सर्व्हरवाला नेव्हिल स्वतःच्याच घरात कोंडून बसलाय. ते मला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं. बारा वाजत आले होते. मी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून ब्रॉडीबाईंच्या जाळीच्या दारावर टकटक केलं.

"कोण? नेव्हिल पास्को? पाय पूस आधी."

मी पाय पुसले. "बाई, कमिटीकडून आलोय. तुमचं इंटरनेट तपासायला."

"त्याला काय झालंय?"

"तेच बघायचंय ना."

"बरं, बघ. पण आधी चहा घे, केकही घे. आत्ताच आयसिंग लावलंय."

सांगा, मी काय करणार? बायकोची प्रवेशिका वाचवायला निघालेला मी, बायकोच्या प्रतिस्पर्ध्याच्या स्वयंपाकघरात बसून बाईंचाच स्पंज गिळत होतो. आणि भलताच चांगला होता हो! मी दुसरा तुकडा घेतला, तो केवळ संशय येऊ नये म्हणून.

मग बाईंच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. साइट उघडली, कुलूप दिसलं. डोळ्यांत पाणीच आलं. चष्मा घरी राहिला होता, पण आता चष्म्यावाचून कोण थांबतंय? अर्जात पहिल्या चौकटीत ग्लेनिसचं नाव टाइप केलं. मग पत्त्याच्या चौकटीवर गेलो, तिथे काहीतरी पुढे आलं, ते दाबलं आणि सगळ्या चौकटी झटक्यात भरल्या. मला वाटलं, वा! किती हुशार अर्ज बनवलाय मी!

"पाठ सरळ ठेव," बाई मागून म्हणाल्या.

मी पाठ सरळ केली, "स्पंज केक, पॅशनफ्रूट आयसिंग" निवडलं आणि पाठवून दिलं. "प्रवेशिका मिळाली, धन्यवाद" असं आलं आणि थोड्याच वेळात भिंतीवरच्या घड्याळात बारा पडले. मी घरी आलो तो छाती काढून. ग्लेनिस परतली तेव्हा मी व्हरांड्यात क्रिकेटची कॉमेंटरी ऐकत पडलो होतो.

"टाकलीस?"

"टाकली! सुरक्षित!"

तिने माझ्या शर्टावरच्या पिवळ्या डागाकडे पाहिलं. मग बदकांना दाणे घालायला गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी ग्लेनिस केकचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसली. खड्डा आला की ती केकसकट वर व्हायची. एवढा उंच, एवढा हलका स्पंज मी आयुष्यात पाहिला नव्हता. हॉलमध्ये केकच्या टेबलाशी कमिटीतली डॉट बसली होती, चिठ्ठ्या लावायला. मुदत संपताच सर्व्हरने आपोआप पाठवलेली नावं तिने चाळली. पुन्हा चाळली.

"ग्लेनिस, तुझं नाव नाहीये गं."

"असं कसं? माझा नवरा सेक्रेटरी आहे."

"म्हणूनच असेल," डॉट म्हणाली. "थेल्माची मात्र दोन आहेत."

 एका माणसाला एका गटात एकच केक, हे गावातल्या मेंढ्यांनासुद्धा ठाऊक आहे. ब्रॉडीबाई आपला केक टेबलावर ठेवून तिथेच उभ्या होत्या. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले आणि त्यांचा चेहरा उतरला. "मी दोन टाकले नाहीत," त्या म्हणाल्या. शाळेतला तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या कॉप्या पकडलेली बाई, आणि आज शेवटच्या वर्षी तिच्याकडेच लबाड म्हणून बघताहेत! मला ते पाहवेना. त्या भरून आलेल्या चौकटींचं गुपितही आत्ता माझ्या लक्षात आलं. बाईंच्या कॉम्प्युटरला बाईंचंच नाव पाठ असणार, दुसऱ्या कुणाचं?

"माझी चूक आहे," मी म्हणालो. "बाईंच्या घरून ग्लेनिसचं नाव घालायला गेलो होतो."

"बाईंच्या घरून का?" ग्लेनिसने विचारलं.

"आपल्या घराला बंदी होती."

"कुणी घातली?"

"मी."

पुढचं सगळं सांगावं लागलं. पहारेकरी, लोणी, पडदा, सगळं. पबमधली गंमत टाळायला गेलो होतो, तर ती अख्ख्या हॉलसमोर करून दाखवली. बार्नी तर टेबल धरून हसत होता. ग्लेनिस मात्र हसत नव्हती. डबा छातीशी धरून ती नुसती उभी होती. कुणीतरी कानफटात मारली असती तर बरं, असं मला झालं.

"नियम म्हणजे नियम," कुणीतरी मागून बोललं. "दोन्ही बाद."

तेव्हा ब्रॉडीबाई पुढे आल्या. आपला केक त्यांनी टेबलावरून उचलला. "माझ्या नावावर एकच केक जाऊ दे. ग्लेनिसचा. माझा मी घरी नेते."

"मुळीच नाही!" ग्लेनिस म्हणाली. "तुमचा केक टेबलावर नसेल तर मला ती रिबन नको. उन्हाळाभर मी काय रिकाम्या मैदानात पळायला तयारी केली?"

"हट्टी आहेस."

"आहेच मी!"

 मग बार्नीने हसणं आवरलं आणि म्हणाला, "सरळ विचारतो. ग्लेनिसचा केक घ्यायचा का? हात वर करा." सगळ्या हॉलचे हात वर झाले. मागून नियम सांगणाऱ्याचासुद्धा. मी म्हणायला गेलो, की मुदत संपल्यावर नोंदीत बदल केला तर सर्व्हरची सुरक्षितता... तर डॉट म्हणाली, "नेव्हिल, तोंड मीट," आणि तिने बॉलपेनने एका चिठ्ठीवरचं थेल्मा ब्रॉडी खोडून वर ग्लेनिस पास्को लिहिलं.

परीक्षक बाहेरगावची होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. नावं झाकलेली होती. ती एकेक तुकडा खात, पाणी पीत, पुढे गेली. परत आली. दोन केकांमध्ये घुटमळली. शेवटी एकावर निळी रिबन ठेवली आणि चिठ्ठी उलगडली. खोडलेलं नाव, आणि वर ग्लेनिस पास्को!

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण शेजारच्या तंबूतला बैल दचकल्याचं नंतर कळलं. ब्रॉडीबाईंनी ग्लेनिसला घट्ट मिठी मारली. "यंदा माझा फुगला होता," त्या म्हणाल्या, "पण तुझा तरंगत होता." ग्लेनिस हसत होती आणि रडत होती. माझ्या बायकोइतकी देखणी बाई त्या दिवशी अख्ख्या व्हिक्टोरियात नव्हती. मी भेटेल त्याला सांगत सुटलो, की ही माझी बायको, आणि हिची प्रवेशिका माझ्या सर्व्हरवरून गेली! (एका अर्थी गेलीच होती.)

आता सर्व्हरचं. कमिटीने ठरवलं, की सर्व्हर चांगला आहे, तो राहू दे, फक्त सांभाळणारा बदला. ग्लेनिसने हात वर केला, तोही लॅमिंग्टनसाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन समोर बाईंकडे गेली आणि चहा निवायच्या आत परत आली. आमच्या घराची बंदी उठली होती. पहारेकऱ्याची शिक्षा दहा मिनिटांवर आली होती.

मी थक्क झालो. "अगं, पण तू आत शिरलीस कशी? पासवर्ड तर मलाही आठवत नव्हता!"

"तू गेला महिनाभर झोपेत तो म्हणतोयस," ती म्हणाली. "उन्हाळा आहे, खिडक्या उघड्या असतात. एक चिन्ह मला नीट आठवत नव्हतं, ते बाईंनी सांगितलं."

तेव्हापासून सर्व्हर एकदाही अडला नाही. कुलूप जागच्या जागी आहे. गावात कुणी त्याचं कौतुक केलं, की माझी मान अजून ताठ होते, शेवटी उभा तर मीच केला ना? परवा मी ग्लेनिसला म्हटलं, सर्व्हर बसवणाऱ्याला निदान नवा पासवर्ड तरी माहीत असायला हवा.

ग्लेनिस बदकांची अंडी पुसत होती. माझ्या गालावर हात ठेवून प्रेमाने म्हणाली, "सांगितला असता रे. पण खिडकी लावून घेतली की तुला उकडतं."